गांजाबंदी, परवाना आणि आपले नेतृत्व

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. मेहकरहून सिंदखेडराजा आणि पुढे जालन्याकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. सोयाबीन, कापूस, तूर ही पिके. पाऊस रुसला की हंगाम बुडतो आणि मजूर कामाच्या शोधात शहराकडे निघतो. इथल्या एका अभ्यासवर्गात गांजाचा विषय निघाला, त्याला निमित्त वर्तमानपत्रातील एका बातमीचे होते. तुरीच्या ओळीत गांजाची झाडे सापडली आणि ती लावणाऱ्याला अटक झाली, अशी ती नेहमीची चार ओळींची बातमी होती.

महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने विचारले, "सर, बाबासाहेबांनी दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा आपल्याला दिली. मग गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे आपण कसे जायचे?" प्रश्न रास्त होता. त्यावर कोपऱ्यात बसलेले एक वयस्कर शेतमजूर म्हणाले, "पोरा, बंदी असली का पोलीस आपल्याच घरात येते, अन् परवाना निघाला का तो मोठ्याच्याच घरात जाते. आपल्यासाठी फरक काय हाये?"

तरुणाचा प्रश्न नीतीचा होता, म्हाताऱ्याचा प्रश्न सत्तेचा. गांजाविषयीची आपल्याकडील बहुतेक चर्चा पहिल्याच प्रश्नापाशी संपते. गांजा चांगला की वाईट, एवढ्यावरच सभा गाजतात. परंतु एखादी गोष्ट वाईट आहे म्हणून ती करणाऱ्याला तुरुंगात घालावे काय, आणि घालावे तर त्या तुरुंगात प्रत्यक्षात कोण जातो, हा प्रश्न वेगळा आहे. पुढारी या दोन प्रश्नांची गल्लत करतात, कारण ती त्यांच्या सोयीची असते. कार्यकर्त्याला ती परवडणारी नाही. म्हणून आधी कायदा समजून घेऊ, मग त्याचा इतिहास पाहू आणि शेवटी नेतृत्वाची तपासणी करू.

कायदा काय म्हणतो?

आज देशात लागू असलेला कायदा १९८५ चा आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. राजीव गांधी पंतप्रधान असताना ऑगस्ट १९८५ मध्ये विधेयक मांडले गेले, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. शतकानुशतके चाललेल्या व्यवहाराला गुन्हा ठरविण्यासाठी एवढे थोडे आठवडे पुरले.

या कायद्यात गांजाची व्याख्या काटेकोर आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्याशिवायची पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. म्हणूनच पानांपासून होणारी भांग केंद्रीय कायद्याच्या कचाट्यातून सुटली आणि तिचे नियमन राज्यांकडे राहिले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. परंतु त्याची शिक्षा आणि एनडीपीएसची शिक्षा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. झाड तेच. त्याचे पान थंडाईत वाटले तर तो सण, आणि त्याचा शेंडा चिलमीत भरला तर तो गुन्हा. ही रेषा वनस्पतिशास्त्राने ओढलेली नाही. ज्या सेवनाला धर्माची आणि प्रतिष्ठेची सावली होती ते वाचले. हमालाची, फकिराची, मजुराची चिलीम मात्र सापडली.

शिक्षा प्रमाणावर ठरते. १ किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा. तिला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा अधिक ती व्यापारी मात्रा. तिला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. या दोहोंच्या मध्ये १० वर्षांपर्यंत शिक्षा. लागवडीलाही १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसत्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. व्यापारी मात्रेच्या प्रकरणात कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वीच निर्दोषत्वाची झलक दाखवा, असे ज्याच्याकडे वकिलाची फी नाही त्यालाच सांगितले जाते. त्यात कलम ३५ आणि ५४ नुसार माल जवळ सापडला की गुन्हेगारी हेतू गृहीत धरला जातो आणि तो खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो.

गावपातळीच्या नेतृत्वालाही या कायद्याने कामाला लावले आहे. आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड झाल्याचे कळल्यास पोलिसांना वर्दी देणे जमीनधारकावर बंधनकारक आहे. पंच, सरपंच आणि गावकामगारांवरही तशीच जबाबदारी आहे. ही तरतूद कागदावर सर्वांना सारखी आहे. परंतु गावात वर्दी कोणाच्या नावाने जाते आणि कोणाच्या नावाने जात नाही, हे ठरविणारी सत्ता कोणाच्या हाती असते, ते सांगायला नको.

बंदी आली कोठून?

गांजा हा आपल्या भागात नवा पदार्थ नाही. इंग्रजांच्या अमदानीत तो आबकारीचा माल होता. मध्य प्रांतासाठी लागवड खांडव्याच्या परिसरात, मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि सातारा बाजूला, बंगालमध्ये नौगाव भागात होत असे. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात होता. निजामाचा मुलूख, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. दुकानाचा परवाना लिलावात निघे, जो जास्त बोली लावील त्याला ठेका. ठेकेदार श्रीमंत, दुकानावर बसणारा पगारी आणि ओढणारा गरीब. महसूल मात्र सरकारचा.

इंग्लंडमधील मद्यपानविरोधी चळवळीच्या दबावाने १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि त्याच वर्षी भारतीय गांजा-भांग आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. मर्यादित सेवनाने शरीराला, मनाला किंवा नीतीला विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. संपूर्ण बंदी अनावश्यक आहे आणि ती केल्यास लोक अधिक घातक नशांकडे वळतील. म्हणून कर लावून नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा अहवाल आज कायदेशीरकरणाचे पुरस्कर्ते डोक्यावर घेऊन नाचतात. त्यातले वैद्यकीय निरीक्षण दखल घेण्याजोगे आहे, यात शंका नाही. पण आयोगावर बसले होते कोण? सात सभासदांत तीन भारतीय. त्यांत एक बंगालचे जमीनदार राजे, एक पंजाबातील राजघराण्यातले कुंवर आणि एक मुजफ्फरनगरचे लाला. ज्याच्या हातात चिलीम होती त्याचा प्रतिनिधी त्या मेजाभोवती नव्हता. बंदी नको हा निर्णय महसूल बुडू न देणाऱ्या सरकारचा होता. बंदीचा निर्णय असो की परवान्याचा, तो खालच्या माणसाला न विचारता घेण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

पुढे १९३० च्या घातक औषधी द्रव्यांच्या कायद्यात हेंपचा समावेश झाला, तरी परवान्याची दुकाने अनेक प्रांतांत चालू राहिली. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अंमली पदार्थांविषयीचा करार झाला. पानांना व्याख्येतून वगळण्यात आणि पारंपरिक सेवन बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळविण्यात भारतासारख्या देशांना यश आले. ती मुदत संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. त्यामुळे ही बंदी भारतीय संस्कृतीतून उगवली असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. आणि ती केवळ अमेरिकेने लादली असे म्हणणेही अर्धवट आहे. आपल्याच राज्यकर्त्यांनी ती स्वीकारली. १९८९ मध्ये जामिनाची अट अधिक कडक करण्यासाठी त्यांना कोणी बाहेरून हात धरला नव्हता.

प्रतिज्ञा आणि दंडुका

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. व्यसनाच्या बाबतीत आपल्या चळवळीचा वारसा स्पष्ट आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहून आवाज उठविला. गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावोगाव दारूविरुद्ध कीर्तन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. त्यामुळे गांजा ओढणे म्हणजे बंडखोरी, असे कोणी आपल्या पोरांना सांगत असेल तर त्याला आपण स्पष्ट नकार दिला पाहिजे. नशेत बुडालेला मजूर ठेकेदाराला हवाच असतो. तो हिशेब विचारत नाही.

मात्र याच बाबासाहेबांनी सरकारी दारूबंदीविषयी काय भूमिका घेतली, हे आपले अनेक वक्ते सांगत नाहीत. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी सुरू केली. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकावरील चर्चेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी सरकारच्या क्रमावर बोट ठेवले. शिक्षणाला पैसा नाही, आणि दारूबंदीसाठी महसूल सोडून दिला जातो, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. १९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात तर दारूबंदीला निव्वळ वेडेपणा म्हटले आहे आणि ती रद्द करून अबकारी उत्पन्न विकासाला वापरावे असे सुचविले आहे. त्यामागचा युक्तिवाद नीट समजून घ्यावा. बंदीमुळे दारू गेली नाही, ती घरात गाळली जाऊ लागली. पूर्वी पुरुष बाहेर जाऊन पीत, आता बायकापोरांच्या डोळ्यांसमोर भट्टी लागते आणि तीही त्या व्यवहारात ओढली जातात. गुन्हेगारी वाढते, पोलिसांवर खर्च वाढतो, आणि सरकारचे उत्पन्न बुडते ते वेगळेच.

मग याच बाबासाहेबांनी घटनेत कलम ४७ कसे येऊ दिले? घटना समितीत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. महावीर त्यागींची मादक पेये आणि अपायकारक द्रव्ये यांच्या बंदीविषयीची सूचना त्यांनी स्वीकारली, औषधी उपयोगाचा अपवाद ठेवून. जयपालसिंग यांनी आदिवासींच्या वतीने विरोध केला, तेव्हा हे मार्गदर्शक तत्त्व आहे, बंधनकारक आज्ञा नव्हे, याकडे बाबासाहेबांनी लक्ष वेधले. म्हणजे राज्याने दिशा घ्यावी, पण कोणत्या मार्गाने जावे हे परिस्थिती पाहून ठरवावे. १९५१ चा जाहीरनामा दारूविषयी आहे, गांजाविषयी नाही, हेही ध्यानात ठेवू. आपण त्यातून निकाल उचलायचा नाही, तपासणीची पद्धत उचलायची.

ती पद्धत अशी. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. ती आत्मसन्मानातून येते आणि मोडली तर त्याला त्याची सदसद्विवेकबुद्धी आणि समाज जाब विचारतो. बंदी सरकार घालते. ती मोडली तर पोलीस येतो. बाबासाहेबांनी आपल्या माणसाला प्रतिज्ञा दिली, आणि त्याच्या पाठीवर दंडुका मारण्याचा अधिकार पोलिसाला देताना मात्र हिशेब मागितला. या दोन गोष्टींत विसंगती नाही. ज्याला आपल्या लोकांवर विश्वास आहे तोच नेता असा वागू शकतो. आजचे बरेचसे पुढारी नेमके उलटे करतात. प्रतिज्ञेचे काम ते कधी करीत नाहीत, आणि दंडुका किंवा परवाना वाटायला मात्र सर्वांत पुढे असतात.

विदर्भाने हा धडा नुकताच पुन्हा गिरविला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. त्यामागे शेकडो स्त्रियांचा खरा लढा होता. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. त्यापूर्वी रमानाथ झा समितीने बंदीच्या परिणामांचा आढावा घेतला होता. अवैध दारू वाढली आणि स्त्रिया व अल्पवयीन मुले त्या धंद्यात ओढली गेली, हे कारण सरकारने बंदी उठविताना पुढे केले. सत्तर वर्षांपूर्वी जाहीरनाम्यात लिहिलेली गोष्ट सरकारी फायलीत उमटली. परंतु बंदी उठविताना त्या लढलेल्या स्त्रियांना कोणी विश्वासात घेतले नाही, हेही तितकेच खरे.

पुढारी काय म्हणतात?

गांजाच्या प्रश्नावर आपल्या राजकारणात तीन प्रकारचे आवाज ऐकू येतात.

पहिला आवाज सुधारणेचा. पतियाळ्याचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये एनडीपीएस सौम्य करण्यासाठी खासगी विधेयकाचा प्रयत्न केला. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी औषधी उपयोगासाठी गांजाला मोकळीक द्यावी असे सुचविले. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. जगात एक बोलायचे आणि मायदेशी कायदा जसाच्या तसा ठेवायचा, हे आपल्या सरकारला सहज जमते.

दुसरा आवाज बाजाराचा. उत्तराखंडाने २०१८ मध्ये नशेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या हेंपच्या लागवडीला परवाने सुरू केले. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. शेजारच्या गोव्यात डिसेंबर २०२० च्या अखेरीस तत्कालीन कायदामंत्री निलेश काब्राल यांनी औषधी लागवडीच्या प्रस्तावाला विधि खात्याने मान्यता दिल्याचे सांगितले. विरोधकांनी रान उठविले आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने माघार घेतली. त्या गदारोळात तरुण पिढी बिघडेल ही चिंता सर्वांनी बोलून दाखविली. पीक कोण घेणार, परवाना कोणाला मिळणार, हा प्रश्न मागेच राहिला.

तिसरा आवाज सामाजिक न्यायाचा आहे आणि तो आपल्या जवळचा म्हणून अधिक कठोरपणे तपासला पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरासाठीची अल्प मात्रा गुन्ह्यातून वगळावी अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. त्या मंत्रालयाचे राज्यमंत्री रामदास आठवले यांनीही व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे अशी भूमिका जाहीरपणे घेतली. भूमिका बरोबर होती. वेळ मात्र पाहा. तेव्हा मुंबईत एका मोठ्या चित्रपट अभिनेत्याचा मुलगा अटकेत होता. त्याच्याजवळ काही सापडले नव्हते. त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला आणि पुढे आरोपपत्रात त्याचे नावही आले नाही. त्याच्यावर अन्याय झाला असेल तर तोही अन्यायच. परंतु त्याच मुंबईत, विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ मधील १० हजारांहून अधिक निकाली खटले तपासले, तेव्हा त्यांतील बहुतांश गांजाच्या सेवनाचे निघाले. आणि पकडलेले बहुतेक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे होते. त्यांच्यासाठी कोणी मंत्री पत्रकारांपुढे उभा राहिला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने एनडीपीएसमध्ये दुरुस्ती केली खरी, पण ती आधीच्या दुरुस्तीत राहिलेली कलमाच्या क्रमांकाची चूक सुधारण्यापुरती. मजूर जिथे होता तिथेच राहिला.

आकडे आणि माणसे

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटात दारू घेणारे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस मिळून घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. त्यांपैकी साधारण ७२ लाखांना गांजा-भांगेच्या सेवनाचा त्रास आहे आणि मदतीची गरज आहे. म्हणजे गांजा निरुपद्रवी नाही. विशेषतः कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे वैद्यकाने दाखविले आहे. परंतु यांतील जे सापडतात ते वकिलाकडे जातात, डॉक्टरकडे नाही. कलम ६४अ मध्ये अल्प मात्रेच्या प्रकरणातील व्यसनी माणसाने उपचार स्वीकारले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, ही तरतूद आहे. ती किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

दुसरीकडे शेतकऱ्याची स्थिती पाहा. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये त्याचा समावेश होता. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाचा खर्च निघत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली. लोक हसले. पण त्या अर्जात गांजाची हौस नव्हती, हमीभावाचा आक्रोश होता. तुरीच्या ओळीत चार झाडे लावणाऱ्याला तुम्ही दहा वर्षांची भीती दाखविता. तुरीला भाव न देणाऱ्याला कोणती भीती दाखविता?

तीन कसोट्या

उद्या कोणताही पुढारी गांजाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला आपल्या गावात आला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, तुरुंगात कोण आहे? २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते, आणि त्या बंद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण एक पंचमांश, म्हणजे लोकसंख्येतील वाट्यापेक्षा अधिक. अमेरिकेत काळे आणि गोरे गांजा जवळपास सारख्याच प्रमाणात घेतात, तरी काळ्यांना अटक होण्याची शक्यता साडेतीनपटीहून अधिक आहे, असे तेथील नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०२० मध्ये दाखविले. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. त्या नात्याने तरी हा आकडा आपल्याला बोलका वाटला पाहिजे. जो नेता केवळ सेवनासाठीची कैद रद्द करण्याविषयी बोलत नाही, आणि जुने किरकोळ खटले मागे घेण्याविषयी बोलत नाही, त्याचे कायदेशीरकरण हे श्रीमंतांच्या सोयीचे आहे.

दुसरा, परवाना कोणाला? अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०२० पासून गांजा खुला केला, तेव्हा बंदीचा ज्यांना फटका बसला त्यांना परवान्यात प्राधान्य देण्याची तरतूद कायद्यातच केली. तरीही भांडवल असलेले पुढे गेले आणि प्राधान्याचे परवाने रखडले. म्हणजे नुसती तरतूद पुरत नाही, भांडवल आणि बाजारही लागतो. उलट उदाहरण बंगालचे आहे. नौगावच्या गांजा उत्पादकांनी १९१७ मध्ये सहकारी संस्था काढली, दलालाला बाजूला केले आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालविले. परवाना द्यायचाच असेल तर तो भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या सहकारी संस्थेला का नको? गायरान कसणाऱ्याला का नको?

तिसरा, महसूल कोठे जाणार? राज्य उत्पादन शुल्क विभागाची तिजोरी दारूने भरते. पण दारूने मोडलेल्या घरासाठी त्या तिजोरीतून किती परत येते? कराचा ठरलेला हिस्सा व्यसनमुक्ती केंद्रे, वसतिगृहे आणि शिष्यवृत्तीसाठी कायद्याने बांधून दिल्याशिवाय कोणत्याही नव्या परवान्याला पाठिंबा देऊ नये. बाबासाहेबांनी अबकारी उत्पन्नाचा विचार केला तो तिजोरी भरण्यासाठी नव्हे, विकासासाठी.

आणि या तिन्हींच्या आधी स्त्रियांचे मत. महाराष्ट्रात गावच्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते. ही पोलिसांची बंदी नाही, ही लोकांची बंदी आहे. असा अधिकार गांजाच्या दुकानाबाबतही पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

कायदा बदलेपर्यंत माणसे आत आहेत. म्हणून कार्यकर्त्याने काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगणे कलम ५० नुसार बंधनकारक आहे. कलम ५२अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घेतले पाहिजेत. मुळे, खोड आणि माती यांसकट उपटलेल्या झाडांचे सगळे वजन म्हणजे गांजा नव्हे. शेंडे वेगळे केले होते का हे विचारावे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही काही जामीन प्रकरणांत हा फरक महत्त्वाचा मानला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफानसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तपासी अधिकाऱ्यापुढे कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला, तसेच कोठडीत असलेल्या कोणालाही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

त्याच भिंतीवर प्रतिज्ञाही असाव्यात. बीबीच्या त्या तरुणाला एवढेच सांगावेसे वाटते की, तू गांजा ओढू नकोस आणि तुझ्या मित्रालाही ओढू देऊ नकोस. पण तो ओढताना सापडला तर त्याच्या जामिनाला मात्र जा. आणि त्या म्हाताऱ्या मजुराला सांगावेसे वाटते की, बाबा, तुम्ही म्हणता तसा आजवर फरक पडला नाही हे खरे आहे. बंदी असो वा परवाना, ज्या मेजावर तो ठरतो तिथे आपली खुर्ची नव्हती. ती खुर्ची मागणाराच आपला पुढारी. बाकीचे एकतर पोलिसांचे पुढारी आहेत किंवा ठेकेदारांचे.